घरातली आपत्कालीन साठवण: कणगीपासून गूगल शीटपर्यंत

आपत्कालीन साठवण म्हणजे वीज, नेटवर्क आणि रस्ता तिन्ही बंद पडले तरी घर किमान तीन दिवस चालेल एवढं धान्य, पाणी, औषधं आणि चार्जिंग हाताशी ठेवणं. परदेशात याला 'प्रेपिंग' म्हणतात आणि अनेक कुटुंबं ते छंद म्हणून करतात. आपल्याकडे नाव नवीन, काम जुनंच. भिंतीतलं बळद, शेणामातीने लिंपलेली कणगी, उन्हाळ्यातले पापड-कुरडया-सांडगे हे सगळं त्यातलंच.

गरज कशाला?

जुलै २०२३ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा वेळी दुकान जवळ असूनही उपयोग नसतो. टॉवर बंद तर यूपीआय बंद. म्हणून थोडी रोख रक्कम, सुट्ट्या नोटांसकट, घरात हवीच.

धान्य आणि पाणी

आमच्या घरी धान्याचं खातं आजीकडे आहे. तिची पद्धत आणि त्यामागचं कारण असं:

- गहू-ज्वारीला कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्कन फुटला म्हणजे वाळला. ओलावा राहिला की बुरशी आणि किडे येतात.
- धान्य थंड झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरलं तर आत वाफ धरते.
- कोठी गच्च भरा आणि झाकण घट्ट लावा. आतला ऑक्सिजन संपत गेला की किडे जगत नाहीत.
- तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावा.
- पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर पाणी धरा. पाच माणसं, तीन दिवस म्हणजे ६० लिटर.

शीट कशी बनवायची?

माझ्याकडे गूगल शीट आहे. त्यात पाचच कॉलम: वस्तू, किती आहे, कधी भरली, कधीपर्यंत चालेल, कुठे ठेवली. कंडिशनल फॉरमॅटिंगने मुदतीला ३० दिवस राहिले की ओळ लाल होते. लाल झालेली वस्तू आधी वापरायची, तिच्या जागी नवीन आणायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बहीण डबे मोजते आणि मी आकडे भरतो. फाइल ऑफलाइन उघडेल असं सेटिंग करा. एक प्रिंट कोठीच्या दाराला चिकटवा, कारण फोनच बंद पडला तर शीट काय कामाची?

पॉवर बँकेचं गणित

डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टला रूपांतर होताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन साधारण दीड वेळाच भरतो. विकत घेताना 'रेटेड कपॅसिटी' बघा. पॉवर बँक नुसती पडून असली तरी हळूहळू उतरते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासा.

फोनमध्ये काय हवं?

- सचेत: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं इशारे देणारं अॅप.
- दामिनी: पुण्याच्या आयआयटीएमचं वीज पडण्याचा इशारा देणारं अॅप. शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून द्या.
- आपत्कालीन अलर्ट चालू ठेवा. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजले होते, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवर हा संदेश आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी पाठवतो. त्याला इंटरनेट लागत नाही.
- आपल्या तालुक्याचा ऑफलाइन नकाशा.
- ११२ हा नंबर घरातल्या लहानांनाही पाठ हवा.

तयारी तपासा

मे महिन्यात एका संध्याकाळी मेन स्विच आणि वाय-फाय तीन तास बंद ठेवा. टॉर्च कुठे आहे, आजीची बीपीची गोळी कोणाला सापडते, गॅस लायटर चालत नसेल तर काडेपेटी आहे का, हे लगेच कळतं. जे सापडलं नाही ते शीटमध्ये लिहा आणि पावसाळ्याआधी आणून ठेवा.