पवईची प्रयोगवाटिका

घाटकोपर-मुलुंडच्या पश्चिमेस, आज जेथे उत्तुंग इमारतींनी टेकड्या झाकल्या आहेत, त्या पवईच्या मुलुखात, कृषिविद्यालयांची कल्पनाही या प्रांती रुजली नव्हती अशा काळी, एक प्रयोगवाटिका उभी राहिली होती. कंपनी सरकारने 1799 मध्ये ही जमीन डॉ. हेलेनस स्कॉट यांस पट्ट्याने दिली. पुढे ती फ्रामजी कावसजी बनाजी यांजकडे आली, आणि त्यांनी विहिरी खणून ऊस, नीळ, तुती यांची लागवड करून पाहिली. 1838 मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीस आंबे धाडले, याचे कौतुक फार होते. मला मात्र पदरचा पैसा मातीत घालून शिकण्याची त्यांची जिद्दच अधिक वंदनीय वाटते.

कृत्रिम नत्रखत तेव्हा अज्ञात होते. पवई ज्या साष्टी बेटावर आहे तेथला शेतकरी शेण, पाला व डहाळ्या यांचा राब भाजून भाताची रोपे करी. त्याने तण मरे, पण सेंद्रिय द्रव्यही जळून जाई. ते न जाळता कुजविण्याची शास्त्रशुद्ध रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला सिद्ध केली. अशा खताने माती भुसभुशीत होते, पाणी धरते. मुसळधार पावसात धुपणाऱ्या साष्टीच्या उतारांना हेच हवे होते. परंतु 1957 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोचली, आणि भाताची खाचरे एकामागून एक बिनशेती होत गेली.