स्कायडायव्हिंग

स्कायडायव्हिंग हा विमानातून उडी घेऊन काही काळ मुक्तपतन करीत, नंतर हवाई छत्रीच्या (पॅराशूट) साहाय्याने जमिनीवर उतरण्याचा साहसी क्रीडाप्रकार आहे. सुमारे ४,००० मीटरवरून घेतलेल्या उडीत मुक्तपतन जेमतेम मिनिटभर टिकते. वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो.

नवशिके बहुधा प्रशिक्षकाला बांधून घेऊन पहिली उडी घेतात. अमेरिकेत पहिल्या परवान्यासाठी किमान २५ उड्या आवश्यक असतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी मात्र आपली पहिलीच उडी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर घेतली.

पाठीवर मुख्य व राखीव अशा दोन छत्र्या असतात. राखीव छत्रीची घडी परवानाधारक तंत्रज्ञच घालतो. खेळाडू सुमारे २२५ मीटर उंचीवरही वेगाने पडतच असेल, तर १९९१ साली जर्मनीत तयार झालेले ‘सायप्रेस’ हे उपकरण राखीव छत्रीचा दोरफास कापून ती उघडते. त्यापूर्वीची अशी साधने बेभरवशाची असल्याने अनुभवी खेळाडू ती टाळत, नवशिक्यांची मानत. सायप्रेसमुळे हा दृष्टिकोन पालटला. पुढे लहान, वेगवान छत्र्यांचे आकर्षण वाढले आणि निर्दोष उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीलगत वेगाने वळताना होणारे अपघात हे मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरले. साधने सुरक्षित होतात तसतसे खेळाडू अधिक धोका पत्करतात, हे निरीक्षण छत्रीतज्ज्ञ बिल बूथ यांच्या नावाने ‘बूथचा नियम’ म्हणून ओळखले जाते.