चेसापीक-ओहायो कालवा

चेसापीक-ओहायो कालवा : अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधील कंबरलँडपर्यंत पोटोमॅक नदीकाठाने जाणारा सुमारे २९७ कि.मी.चा जुना जलमार्ग. काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली, आणि कालव्याचे भवितव्य तिथेच ठरले म्हणायला हरकत नाही : रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोहोचली, कालवा १८५० मध्ये, ओहायो नदी तर त्याने कधी गाठलीच नाही. कोळशाने भरलेल्या नावा खेचरे काठावरून दोराने ओढत. वाटेतला ६०५ फुटांचा चढ ७४ लॉकनी पार होई. दगडी हौदात नाव घ्यायची, लाकडी दारे लावायची आणि पाणी सोडून ती वर उचलायची. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक थांबली. १९३८ मध्ये सरकारने कालवा विकत घेतला.

पुढे त्याच्या मार्गाने मोटाररस्ता नेण्याचा बेत झाला. १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याला पाठिंबा देताच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आपल्यासोबत हा काठ पायी चालण्याचे आव्हान दिले. मार्चमधील त्या पदयात्रेत डग्लस यांच्यासह अवघ्या नऊ जणांनी संपूर्ण अंतर कापले. पण वृत्तपत्राची भूमिका बदलली आणि मोठ्या कष्टाने बांधलेला हा काठ वाचला. १९७१ मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. बराचसा कालवा आज कोरडा आहे. खेचरांची वाट मात्र पायी चालणारे व सायकलस्वार वापरतात. कंबरलँडला तिला पिट्सबर्गहून येणारी ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ ही सायकलवाट मिळते.