असेंबल्ड पीसी घ्यायचाय? आधी कोणत्या पार्टवर पैसे घालायचे, ते समजून घ्या

फोन घेताना आपण रॅम, स्टोरेज आणि कॅमेरा बघतो. एकदा फोन घेतला की विषय संपला, कारण आतलं काहीच नंतर बदलता येत नाही. डेस्कटॉप कॉम्प्युटरचं तसं नाही. तो सुट्या पार्टनी बनतो आणि हवं तेव्हा त्यात भर घालता येते. पण दुकानात गेल्यावर आपण फोनच्याच सवयीने विचारतो, "आय७ आहे का? रॅम किती?" आणि तिथेच गडबड होते.

आपल्याकडे पीसीचे पैसे सहज येत नाहीत. कुणाच्या घरी उसाचं बिल जमा झाल्यावर ठरतं, कुणी पहिल्या नोकरीचे पगार साठवतं. म्हणून मी एक साधा नियम पाळतो: जे नंतर वाढवता येतं ते आज कमी घेतलं तरी चालेल, पण जे नंतर बदलायला अवघड आहे ते आजच नीट घ्या. रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड नंतर वाढवता येतात. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट बदलायचं म्हणजे सगळं मशीन खोलणं आलं.

या नियमाने मी दोन मशीन जोडली. एक साताऱ्यात माझ्यासाठी, एक सांगलीत आत्याच्या घरी. दोन्ही बहुउपयोगी, पण कामं वेगळी. पार्टचे भाव महिन्याला बदलतात, म्हणून इथे किमती देत नाही. निवड कशी करायची ते सांगतो.

१. आधी कामांची यादी करा

कागद घ्या आणि पुढची तीन वर्षं या मशीनवर कोण काय करणार ते लिहा. माझी यादी होती: कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग आणि रविवारी थोडं गेमिंग. आत्याकडे बेदाणा आणि हळदीचा व्यापार आहे, त्यामुळे तिथे टॅलीवर जीएसटीची बिलं, प्रिंटिंग आणि इंजिनिअरिंगला असलेल्या आत्तेभावाचं ऑटोकॅड व सी++ होतं.

यादीत एडिटिंग, थ्रीडी किंवा मोठे गेम असतील, तरच वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा विचार करा. बाकी बिलिंग, अभ्यास, ऑफिसचं काम, टू-डी ड्रॉइंग हे सगळं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आरामात चालतं.

२. प्रोसेसर: नाव नको, आकडे वाचा

"आय७ असेंबल्ड पीसी, एकदम स्वस्त" अशी पाटी तुम्हीही पाहिली असेल. मला एका दुकानातून असंच कोटेशन मिळालं होतं. मॉडेल विचारलं तर निघाला आय७-३७७०. हा प्रोसेसर २०१२ सालचा आहे. नावातला पहिला आकडा ३ म्हणजे तिसरी पिढी. आय३-१२१०० यात पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. दोन्हीत कोअर चारच आणि थ्रेड आठच, पण नवा आय३ त्या जुन्या आय७ च्या कितीतरी पुढे पळतो.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून येतात. म्हणजे तिसऱ्या पिढीचा आय७ आज घेतला, तर पहिल्या दिवसापासूनच तो यादीबाहेर.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. इंटेलच्या नावाशेवटी "एफ" असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

सांगलीसाठी मी एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला: ६ कोअर, १२ थ्रेड आणि आतलं ग्राफिक्स कामापुरतं चांगलं. साताऱ्याला रायझन ५ ७६०० घेतला. त्याचेही कोअर ६ आणि थ्रेड १२, पण पिढी नवी.

३. मदरबोर्ड: उद्याची वाट इथे ठरते

प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ५६००जी चं सॉकेट एएम४, ७६०० चं एएम५. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. माझी कामं वाढत जाणारी आहेत, त्यामुळे उद्या त्याच बोर्डावर पुढचा प्रोसेसर बसवता यावा म्हणून मी एएम५ घेतलं. आत्याकडे बिलिंगचं काम पाच वर्षांनीही तेच राहणार, तिथे जुनं पण भरवशाचं एएम४ पुरेसं होतं.

बोर्ड बघताना चार गोष्टी तपासा: रॅमचे स्लॉट किती (चार असले तर उत्तम), एम.२ एसएसडीचे स्लॉट किती, तुमचा प्रोसेसर त्या बोर्डाच्या कंपनीच्या सपोर्ट यादीत आहे का, आणि बोर्ड नवा आहे की दुरुस्त केलेला. जुन्या साठ्यातल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी बायॉस अपडेट लागू शकतं. ते दुकानदाराकडूनच करून घ्या.

४. रॅम: एक मोठी नको, दोन सारख्या घ्या

१६ जीबी हवी असेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, याला ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर याचा फरक डोळ्यांना दिसतो, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाचेची जागाच वेगळी असते. त्यामुळे जुन्या मशीनची रॅम वापरायचा विचार असेल तर आधी बोर्ड बघा.

५. स्टोरेज: विंडोज एसएसडीवरच

साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास आणि साधी एनव्हीएमई ३,००० च्या पुढे. रोजच्या वापरात सगळ्यात मोठी उडी असते ती हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्याची. विंडोज आणि सॉफ्टवेअर ५०० जीबी एनव्हीएमईवर ठेवा. फोटो आणि जुने व्हिडिओ यांच्यासाठी हार्ड डिस्क नंतर जोडता येते.

६. ग्राफिक्स कार्ड: घाई नको

७६०० मध्ये स्क्रीन चालण्यापुरतं ग्राफिक्स असतं. म्हणून मी पहिले काही महिने कार्डाशिवाय काढले, कोडिंग अडलं नाही. पैसे जमल्यावर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० लावलं. ते आणलं, स्लॉटमध्ये बसवलं, वायर जोडली, अर्ध्या तासात काम झालं. हे शक्य झालं, कारण बोर्ड आणि एसएमपीएस आधीच त्या हिशोबाने घेतले होते.

७. एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस: इथे काटकसर करू नका

कोटेशनमध्ये "कॅबिनेट विथ एसएमपीएस" असं एका ओळीत लिहिलेलं दिसलं की थांबा. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन प्रत्येक पार्टला नेमका दाब देण्याचं काम एसएमपीएस करतो. कॅबिनेटसोबत फुकटात येणारा हलका डबा बिघडला, तर जाताना बोर्ड आणि एसएसडीही घेऊन जाऊ शकतो. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी येते-जाते ते वेगळं सांगायला नको.

हिशोब सोपा आहे. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट खातो, ४०६० कार्ड ११५ वॅट, बोर्ड-पंखे-रॅम मिळून आणखी ५०-६०. म्हणजे साधारण २६० वॅट. या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. उद्या मोठं कार्ड आलं तर, म्हणून मी ६५० घेतला. आत्याकडे कार्ड नाही, तिथे चांगल्या कंपनीचा ४५० वॅट भरपूर झाला.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? तर सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. जुन्या वाड्यात आणि शेतातल्या घरांत हे हमखास दिसतं. मशीन आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

यूपीएसवर लिहिलेला व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटच देतो. आत्याच्या मशीनला तो पुरतो. माझ्याकडे १ केव्हीएचा आहे. तासभर बॅकअपची अपेक्षा ठेवू नका. फाइल सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळाला, की यूपीएसचं काम झालं.

८. कॅबिनेट: आपलं हवामान बघून

आपल्या दोन जिल्ह्यांत हवामान एक नाही. महाबळेश्वर, पाटणकडे पावसाळ्यात भिंती ओलावतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडे ऊन आणि धूळ. गाळप सुरू झालं की कारखान्याजवळच्या गावांत काजळी उडते. म्हणून काचेच्या बंद तोंडाचं कॅबिनेट टाळा. समोर जाळी, काढून धुता येईल असा फिल्टर आणि किमान दोन पंखे हवेत: एक हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. दमट भागात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही.

सांगलीकरांसाठी एक खास गोष्ट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. आत्याकडे दुकान तळमजल्यावर आहे, म्हणून कॅबिनेट जमिनीवर न ठेवता भिंतीतल्या फळीवर ठेवलं, आणि टॅलीचा बॅकअप दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती वरच्या मजल्यावर ठेवतात. मशीन पुन्हा घेता येतं, पण तीन वर्षांची बिलं पुन्हा कुठून आणणार?

९. दुकानात विचारायचे पाच प्रश्न

- प्रोसेसर सीलबंद बॉक्समध्ये आहे की सुटा? सुट्याला कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही.
- मदरबोर्ड नवा आहे ना? कंपनी आणि पूर्ण मॉडेल बिलावर लिहा.
- एसएमपीएसची कंपनी, वॅट आणि वॉरंटी किती?
- रॅम एक पट्टी आहे की दोन?
- प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर जीएसटी बिलावर येईल ना?

पाचही उत्तरं सरळ देणारा दुकानदार पाचशे-हजार महाग असला तरी त्याच्याकडूनच घ्या. उद्या पार्ट बिघडला तर तो कंपनीकडे पाठवून बदलून आणणारा माणूस गावातच असेल. ऑनलाइन स्वस्त दिसलं तर तोच आकडा त्याला दाखवा, बऱ्याचदा भाव थोडा खाली येतो.

बजेट कमी पडत असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड वगळा, मग स्टोरेज कमी करा. रॅम मात्र सुरुवातीला ८ जीबीवर आणली तरी बोर्ड चार स्लॉटचा ठेवा. एसएमपीएस आणि बोर्डाला मात्र कात्री लावू नका. बाकीचं पुढच्या दिवाळीला जोडता येईल.