टोटल मेसोरेक्टल एक्सिजन

टोटल मेसोरेक्टल एक्सिजन (संक्षेप: टीएमई) ही गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची एक पद्धत आहे. मोठ्या आतड्याच्या गुदद्वारालगतच्या शेवटच्या भागास गुदाशय म्हणतात. या पद्धतीत गुदाशयाचा कर्करोगग्रस्त भाग आणि त्याभोवतीचा मेदयुक्त थर (मेसोरेक्टम) बाहेरील पातळ पटलासह अखंड काढला जातो. ब्रिटिश शल्यचिकित्सक रिचर्ड जॉन (बिल) हील्ड यांनी इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथे ही पद्धत विकसित केली.

पार्श्वभूमी

१९०८ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशय व गुदद्वार दोन्ही काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. तीनंतर रुग्णाला पोटावरील कृत्रिम मलमार्ग (कोलोस्टोमी) कायमचा वापरावा लागे. पुढे आतड्याची टोके पुन्हा जोडणाऱ्या शस्त्रक्रिया रूढ झाल्या. तथापि गुदाशय अनेकदा हाताने, आतील भाग न पाहता सोडवला जात असे. त्यामुळे मेसोरेक्टम फाटून त्याचे अवशेष श्रोणीत राहत आणि त्यांतील कर्करोगाच्या पेशींपासून रोग त्याच जागी उलटत असे. हील्ड व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या कारणाकडे लक्ष वेधले. १९८६ मध्ये लीड्स येथील फिलिप क्वर्क व सहकाऱ्यांनी काढलेल्या भागाच्या बाह्य कडेपर्यंत पोहोचलेला कर्करोग आणि रोगाचे उलटणे यांतील संबंध दाखवला.

कार्यपद्धती

मेसोरेक्टम व श्रोणीची भिंत यांच्यामध्ये रक्तवाहिन्या अत्यल्प असलेला नैसर्गिक स्तर असतो. शल्यचिकित्सक प्रत्यक्ष पाहत, धारदार उपकरणाने या स्तरातून विच्छेदन करतो. मूत्राशय व जननेंद्रियांच्या कार्याशी संबंधित चेता याच स्तरालगत असल्याने त्या जपल्या जातात. ही शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीद्वारे किंवा रोबोटच्या साहाय्याने करता येते.

शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची काळजी

एमआरआय तपासणीतून गाठीचा विस्तार ठरवला जातो. आवश्यकतेनुसार आधी किरणोपचार किंवा त्यासोबत रसायनोपचार देतात. जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी औषधे दिली जातात. आतड्याचा जोड गळणे ही गंभीर गुंतागुंत होय. गळतीचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून, विशेषतः जोड गुदद्वाराजवळ असल्यास, लहान आतड्याचा तात्पुरता मार्ग पोटावर काढतात व जोड भरून आल्यावर तो बंद करतात. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या त्वरित पुनर्लाभाच्या तत्त्वांनुसार रुग्णाला लवकर आहार देतात व हिंडते-फिरते करतात.

परिणाम

नेदरलँड्समधील १,८६१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण केवळ टीएमई केलेल्या गटात ८.२ टक्के, तर आधी अल्पकालीन किरणोपचार दिलेल्या गटात २.४ टक्के होते. मात्र दोन वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते.

मर्यादा

शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना वारंवार शौचास होणे, शौचाचा वेग न आवरणे किंवा लैंगिक कार्यात अडचण असे त्रास होतात. त्यामुळे उपचार ठरवताना रोगमुक्तीसोबत नंतरच्या जीवनमानाचाही विचार केला जातो.