कंट्री क्लब, ब्रुकलाइन

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील खाजगी क्रीडा-मनोरंजन संस्था व गोल्फचे ऐतिहासिक मैदान. बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन येथे 1882 मध्ये स्थापना. शहरातील धनिक कुटुंबांना घोडेस्वारी, शर्यती व मेजवान्यांसाठी गावाबाहेर हक्काची जागा असावी, हा मूळ हेतू. अशा क्लबांची प्रथा अमेरिकेत याच संस्थेपासून रूढ झाली, असे सामान्यतः मानतात.

गोल्फ येथे 1893 मध्ये आला. प्रारंभी सहाच होल आखले होते. पहिल्या प्रात्यक्षिकात आर्थर हनिवेल यांचा चेंडू एका फटक्यात होलमध्ये गेला. पण खेळाचा उद्देशच तो, अशा समजुतीने प्रेक्षक थंड राहिले, अशी आख्यायिका आहे. 1894 मध्ये युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन स्थापन करणाऱ्या पाच क्लबांत हा एक होता. पुढे मैदान वाढत जाऊन 27 होलचे झाले. मोठ्या स्पर्धांसाठी त्यांतील निवडक होल जोडून 18 होलचा मार्ग आखतात.

क्लबची कीर्ती मुख्यतः 1913 च्या यू. एस. ओपन स्पर्धेमुळे झाली. सतराव्या होलसमोरच्या रस्त्यापलीकडे राहणारा, माळ्याचा मुलगा फ्रान्सिस विमेट याच मैदानावर पूर्वी कॅडी होता. या वीस वर्षांच्या हौशी खेळाडूने हॅरी वार्डन व टेड रे या ब्रिटिश व्यावसायिकांशी बरोबरी साधली आणि 18 होलच्या जादा फेरीत 72 फटक्यांत विजय मिळवला; वार्डनला 77, तर रेला 78 फटके लागले. विमेटची पिशवी दहा वर्षांच्या एडी लोरीने वाहिली होती. श्रीमंतांचा मानला जाणारा हा खेळ सामान्य अमेरिकनांपर्यंत पोहोचण्यास या विजयाने मोठी चालना मिळाली.

यू. एस. ओपन येथे पुन्हा 1963 (विजेता ज्युलिअस बोरोस), 1988 (कर्टिस स्ट्रेंज) व 2022 (मॅट फिट्झपॅट्रिक) मध्ये झाली. त्यांपैकी 1963 व 1988 चे निकालही जादा फेरीतच लागले. येथेच झालेल्या 1999 च्या रायडर चषकात (अमेरिका व युरोप यांच्या संघांतील स्पर्धा) अखेरच्या दिवशी 6-10 असा पिछाडीवर असलेला अमेरिकी संघ 14½-13½ असा जिंकला. अमेरिकेच्या जस्टिन लेनर्डचा निर्णायक लांब पट (चेंडू जमिनीवरून होलकडे घरंगळवणारा फटका) सतराव्या होलवरच यशस्वी झाला. फिट्झपॅट्रिकने 2013 ची यू. एस. ॲमॅच्युअर स्पर्धाही येथेच जिंकली होती. एकाच मैदानावर ही दोन्ही विजेतेपदे मिळवणारा, जॅक निकलसनंतरचा तो दुसरा पुरुष खेळाडू होय.