‘निम्म्यात मिळतंय’ या सिद्धान्ताचं खंडन

जुनं यंत्र घ्यायचं तर नव्याच्या निम्मे मोजावेत, हा आपल्याकडे जवळपास सिद्धान्तच मानला जातो. पुण्या-नागपूरच्या एखाद्या ऑफिसातून निघालेलं चिप्स-बिस्किटांचं वेंडिंग मशीन वाशीमला आणायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “नवं केवढ्याला आहे?” समोरचा दोन लाख म्हणाला, तर लाखात सौदा रास्त आणि ऐंशी हजारांत मिळालं तर लॉटरीच. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. पण पूर्वपक्ष लुळा करून जिंकण्यात मजा नाही, म्हणून आधी त्याची बाजू.

निम्म्याचा नियम हवेतून आलेला नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल, थ्रेशर या वस्तू रिसोड, मालेगाव, कारंजा इथे सतत हात बदलतात. घेणारे पुष्कळ, विकणारे पुष्कळ, मधले दलाल तरबेज. किती वर्षांच्या ट्रॅक्टरला काय भाव, हे चहाच्या टपरीवरही कळतं. तिथे ‘निम्मे’ हा शेकडो सौद्यांचा घासून तयार झालेला सारांश असतो. वेंडिंग मशीनला असा बाजार आपल्या जिल्ह्यात नाही. घेणारा एक, विकणारा एक. सौदेच झाले नाहीत तर त्यांचा सारांश कुठून येणार?

पूर्वपक्षाचा दुसरा खांब सीए लोकांचा. आयकरात यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. दोन लाखांचं यंत्र तीन वर्षांनी वहीत १,२२,८२५ रुपयांचं उरतं. आकडा रुपयापर्यंत चोख, म्हणून माणूस दबतो. पण घसारा म्हणजे झालेला खर्च वर्षांवर वाटण्याची सोय. पुढे यंत्र काय कमवेल, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. एका सालची दोन यंत्रं घ्या, एक दिवसरात्र विकत असलेलं आणि एक गोदामात धूळ खात पडलेलं. वहीत दोघांची किंमत सारखीच.

तिसरा मुद्दा विकणाऱ्याचा लाडका: “तिकडे रोजचा गल्ला पाहा की!” इथे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो आठवावा. १८१७ मध्ये त्याने मांडलं की धान्य महाग आहे म्हणून खंड वाढतो, खंड वाढला म्हणून धान्य महाग होत नाही. सुपीक जमिनीवरची जादा कमाई नांगराची नसते, जमिनीची असते. हिंजवडीच्या इमारतीत, जिथे खाली उतरून टपरी गाठायला पंधरा मिनिटं लागतात, तिथला गल्लाही त्या जागेचा असतो. जागा काही टेम्पोत घालून वाशीमला आणता येत नाही. आपल्या बसस्टँडवर चार पावलांवर गरम आलुबोंडा आणि कचोरी आहे, आणि टपरीवाला उधारही देतो.

या सगळ्याहून मोठी गोष्ट लोक विसरतात, ती एमआरपी. अमेरिकेत किंवा जपानात मशीनवाला आपला भाव आपण ठरवतो, सोयीचे दोन पैसे वर लावतो. आपल्याकडे २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे छापील किमतीवर एक रुपया घेता येत नाही. म्हणजे दोन लाखांच्या यंत्रालाही टपरीएवढंच मार्जिन, आणि वर विजेचं बिल. ‘इतक्या महिन्यांची कमाई म्हणजे किंमत’ असले परदेशी ठोकताळे इथे त्यामुळेच लंगडे पडतात.

आता मंडन, आकड्यांनिशी. आकडे गृहीत आहेत, आपापल्या जागेचे घालून पाहावेत. रोज ६० पाकिटं, सरासरी १५ रुपयांची, म्हणजे विक्री ९०० रुपये. मार्जिन १२ टक्के धरलं तर १०८ रुपये. कूलिंग चालू ठेवलं आणि रोज ५ युनिट वीज १२ रुपयांनी लागली, तर ६० रुपये गेले. जागेचे २०, मुदत संपलेल्या आणि फुटलेल्या मालाचे ५. हाती राहिले २३. महिन्याला ६९०, दोन वर्षांत १६,५६०. त्यातून वाहतूक आणि यूपीआयचं यंत्र बसवण्याचे १०,००० वजा केले की ६,५६०. एवढीच तुमची कमाल बोली! माल भरणाऱ्याची मजुरी अजून धरलेलीच नाही.

कूलिंग बंद करून फक्त चिप्स-बिस्किटं ठेवली आणि वीज एका युनिटवर आली, तर रोज ७१ रुपये राहतात आणि तोच हिशेब ४१,१२० वर जातो. चॉकलेट मात्र विसरा, वाशीमच्या मे महिन्यात त्याचं सरबत होईल. तेच कोरडं यंत्र रोज ४० पाकिटांवर आलं, तर १५,२००. यंत्र तेच, मॉडेल तेच, साल तेच, आणि बोली साडेसहा हजारांपासून एकेचाळीस हजारांपर्यंत. लाखाच्या जवळ यातलं काहीच जात नाही.

कुणी म्हणेल, यंत्र ठणठणीत असेल तर थोडं जास्त द्यायला काय हरकत? ठणठणीत आहे हे सांगतो कोण? विकणारा. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफने जुन्या मोटारींवर लिहिलेल्या लेखाचा गाभाच हा की मालातली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्या संशयापायी चांगल्या मालाचाही भाव पडतो. २००१ साली त्याला नोबेलच्या मानकऱ्यांत जागा मिळाली. आपला शेतकरी हे बैलबाजारात कधीचं पाळत आलाय. दात पाहून आणि जुंपून चालवल्याशिवाय तो पैसे काढत नाही.

यंत्राचे दात म्हणजे नोट घेणारा भाग. १०० ची जुनी नोट ७३ बाय १५७ मिलिमीटरची होती, २०१८ ची जांभळी ६६ बाय १४२ ची आहे. दहाची नोटही त्याच वर्षी आखूड झाली. त्याआधीचं यंत्र असेल आणि त्याची आज्ञावली अद्ययावत झाली नसेल, तर ते आजची नोट थुंकून टाकतं. मग प्रत्येक कप्प्यात आपण नेलेलं पाकीट ठेवून एकेक स्प्रिंग फिरवून पाहावी. फुगीर चिप्सचं पाकीट स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत अडकून काचेमागे लोंबकळत राहिलं, की गिऱ्हाईक मशीनला लाथ घालतं आणि परत येत नाही. पुष्कळ यंत्रांच्या बोर्डात एकूण विक्रीची नोंद साठलेली असते, ती उघडून दाखवायला सांगा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

विकणाऱ्याचीही एक तळरेषा असते, भंगाराची. यंत्रातून २०० किलो लोखंड निघालं आणि किलोला २५ रुपये मिळाले, तरी ५,००० होतात. त्याखाली तो उतरणार नाही, आणि उतरावं अशी अपेक्षाही नको.

तेव्हा “नवं केवढ्याला?” हे विचारूच नका. आधी जागा पक्की करा, जागामालकाचं लेखी घ्या, तिथे आठवडाभर टेबल टाकून तीच पाकिटं विका आणि रोजचा आकडा लिहा. मग वरच्या हिशेबाने बोली काढा. निम्मे पैसे मशीन उतरवताना द्या, उरलेले महिनाभर ते नीट चाललं तर. ही अट विकणाऱ्याला मान्य नसेल, तर मशीन त्याच्याकडेच राहू द्या.